चांगुणाबाईंच्या दोन खोल्या

गेल्या महिन्यात एका सकाळी मी ओसरीवर दाढी करत बसलो होतो. फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, डोक्यावर पाटी, पाटीत सुकट. आमच्या घरी मासळी खात नाहीत असं सांगायला मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "वकीलसायब, चांगुणाबाय गेली. परवा. तुमाला सांगाला पायजे, असा हिराजीबाबा बोलला." एवढं बोलून ती बाजाराच्या वाटेला लागली. आतून बायकोनं विचारलं, "कोण आलं होतं हो?" तोंडाला लावलेला साबण वाळून गेला तरी मी तसाच बसून होतो...

बेलपाड्याच्या चांगुणाबाई माझ्या पक्षकार होत्या. वकिलीत इतकी माणसं आली नि गेली की बहुतेकांचे चेहरे आता आठवत नाहीत. दाव्याचा निकाल लागला की वकिलाची आणि पक्षकाराची वाट वेगळी होते, तेच बरं असतं. चांगुणाबाईंच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही. त्यांचं कोर्टातलं काम संपून पुष्कळ वर्षं झाली तरी बाजाराला आल्या की त्या ओसरीच्या पायरीवर टेकत, पाणी मागून पीत, माझ्या बायकोशी घटकाभर बोलत आणि उठून जात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सही म्हणून त्या अंगठा उठवत, पण तो उठवण्यापूर्वी कागद संपूर्ण वाचून दाखवायला लावत. एखादा शब्द कळला नाही तर तिथेच थांबवत. माझ्या शिकल्यासवरल्या पक्षकारांपैकी फार थोड्यांनी मला असं थांबवलं आहे.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. माझी वकिली नवी होती. कचेरीत एके दुपारी हे जोडपं आलं. "बसा" म्हटल्यावर चांगुणाबाई सरळ खुर्चीवर बसल्या. त्यांचे यजमान हिराजी दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मी साहजिकच त्यांनाच विचारलं, "काय काम काढलंत?" त्यांनी बायकोकडे बोट केलं. "जागा तिच्या नावावर हाय. तिला इचारा. मी साक्षीला हाय." हिराजी मिठागरावर राबणारा, अतिशय सज्जन आणि तितकाच अबोल माणूस. पुढे सगळा दावा होईपर्यंत त्यांच्या तोंडून याहून लांब वाक्य मी ऐकल्याचं आठवत नाही.

जागेची हकीकत अशी होती. हिराजींचे वडील बैलगाड्यांतून पनवेलच्या बाजारात मीठ आणत. गाड्या सोडायला, बैलांना टेकायला जागा हवी म्हणून त्यांनी बाजाराच्या मागच्या अंगाला एक लहानसा तुकडा विकत घेतला होता. म्हातारा धोरणी होता. मुलाकडून कुणीही काहीही लिहून घेईल हे ओळखून त्यानं तो तुकडा सुनेच्या नावावर केला. पुढे मीठ ट्रकमधून जाऊ लागलं, गाड्या बंद झाल्या आणि जागा मोकळी पडली. त्या जागेवर चांगुणाबाईंना दोन खोल्या, पुढे पडवी आणि मागे संडास बांधायचा होता. तोही स्वतःला राहायला नव्हे. त्यांचं घर बेलपाड्याला होतंच. त्यांना बांधायचं होतं ते बाजाराला येणाऱ्या बायकांसाठी.

पनवेलचा बाजार ज्यांनी त्या काळात पाहिला आहे त्यांना सांगायला नको. बेलपाडा, ओवे, कळंबोली आणि खाडीपलीकडची गावं, सगळीकडून बायका पहाटेच्या निघत. कुणी होडीनं बंदरावर उतरत, बहुतेक पायी. भाजी, सुकी मासळी, मीठ, कोंबड्या, जे असेल ते डोक्यावर. माल उठला नाही की मुक्काम पडे. मग कुणाच्या दुकानाच्या ओट्यावर, कुणाच्या पडवीत अंग टाकायचं. मालकानं उठवलं की पुढच्या ओट्यावर जायचं. दिवसभर त्या बाजारात बाईला आडोसा असा नव्हता. आम्ही गावातली माणसं रोज त्यांच्याकडून भाजी घेत होतो. या बायका कुठे जातात, कुठे झोपतात, हे आमच्या कधी मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

चांगुणाबाईंनी रीतसर नकाशा काढून घेऊन नगरपालिकेकडे अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. नकाराचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "बाहेरगावच्या स्त्रियांचा वावर वाढून सदर वस्तीस उपद्रव होण्याचा संभव असल्याने" वगैरे वगैरे. मी वाचून दाखवलं. त्यांनी मला थांबवलं.

"उपद्रव म्हंजे काय?"

"त्रास."

"कुणाला?"

"शेजाऱ्यांना."

त्या जरा विचारात पडल्या. "आमी दिसभर त्यांच्याच दारात बसून भाजी इकतो. तवा नाय होत त्रास?"

त्या जागेला लागून एका कापडाच्या व्यापाऱ्याचं दुकान आणि घर होतं. सगळे त्यांना शेटजी म्हणत. नगरपालिकेच्या सभासद मंडळींत त्यांचं वजन होतं आणि अर्जाला हरकत त्यांचीच होती. माणूस दुष्ट नव्हता. सुकटीचा वास कापडाला लागेल, गिऱ्हाईक फिरकणार नाही, ही त्यांची भीती. उरलेल्या सभासदांना जुन्या शेजाऱ्याला दुखवायचं नव्हतं. अशानंच बहुतेक नकार जन्माला येतात.

आम्ही दावा लावला. नगरपालिकेच्या बाजूनं दादासाहेब उभे होते. आमच्या बारमधले सर्वांत ज्येष्ठ वकील, ज्यांच्या हाताखाली मी उमेदवारी केली ते. पहिल्याच तारखेला व्हरांड्यात मला म्हणाले, "अरे, माझ्याविरुद्धच उभा राहतोस? छान. पण नीट वाचून ये हो." मी घरी जाऊन कायद्याचं कलम इतक्या वेळा वाचलं की ते पाठ झालं. जोतं किती उंच असावं, खिडक्या कुठे असाव्यात, सांडपाणी कसं जावं, रस्त्यापासून किती मागे बांधावं, हे सारं पाहण्याचा नगरपालिकेला अधिकार होता. घरात कोण येणार, कोण झोपणार, याबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. आमचा सगळा दावा त्या न लिहिलेल्या ओळीवर उभा होता.

दादासाहेबांच्या ते लगेच लक्षात आलं असावं. साक्षी सुरू होण्याआधीच त्यांनी नगरपालिकेकडून तडजोड आणली. परवानगी देतो, नकाशा जसा आहे तसा मंजूर करतो, फक्त बाईंनी एक लिहून द्यावं, की या घरात त्यांच्या कुटुंबाखेरीज कुणी मुक्कामाला राहणार नाही. मला फार आनंद झाला. कचेरीत चांगुणाबाईंना बोलावून मी सगळं सांगितलं आणि आवाज खाली करून म्हणालो, "अंगठा उठवा. घर एकदा उभं राहिलं की कोण आत डोकावून पाहणार आहे?" त्यांच्यासोबत बाजारातल्या आणखी दोघी-तिघी आल्या होत्या. त्याही म्हणू लागल्या, "उठव गो अंगठा. पाऊस तोंडावर आला."

चांगुणाबाईंनी मला कागद पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "म्हंजे मी लिवून द्यायचा का कुणी नाय झोपनार, आनि मंग झोपवायच्या?"

"हो. सगळे असंच करतात."

"मंग रातीला कुणी दार वाजवला का त्या बायांनी उठून पलायचा? आता शेटच्या ओट्यावरून उठवतात, तसा? न्हाय वकीलसायब. आता त्या चोरून झोपतात. माझ्या घरातपन चोरूनच झोपायचा असेल तर घर बांधायचा कशाला?"

सोबतच्या बायकांपैकी एक रागानं उठून बाहेर गेली. मी पुष्कळ समजावलं. उपयोग झाला नाही. दादासाहेबांना जाऊन सांगितलं, पक्षकार नाही म्हणते. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "का?" मी कारण सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "मग तुझी पक्षकार तुझ्यापेक्षा चांगली वकील आहे." ते थट्टेनं बोलले की गंभीरपणे, मला तेव्हा कळलं नाही.

साक्षीच्या दिवशी कोर्टात बाजारातल्या बायकांनी दाटी केली होती. दादासाहेबांनी उलटतपासणीत चांगुणाबाईंना विचारलं, "या बायकांकडून तुम्ही भाडं घेणार, हे खरं ना? म्हणजे हा धंदाच झाला." त्या म्हणाल्या, नाय. "मग तुमचा यात फायदा काय? पदरमोड करून परक्या बायकांसाठी कोण घर बांधतं?" आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मलाही त्यांनी तोवर कधी सांगितलं नव्हतं.

त्यांची एक मैत्रीण होती, बायजा. लहानपणापासून बाजाराला जोडीनं येत. एका पावसाळ्यात माल उठला नाही म्हणून दोघी एका ओट्यावर टेकल्या. रात्री त्यांना उठवलं. चांगुणाबाई दुसरीकडे कुठे वळचणीला बसल्या. बायजाचं तान्हं मूल घरी होतं, अंगात दूध दाटलं होतं. ती म्हणाली, मी जातंय घरी. खाडीच्या बांधावरून निघाली. भरतीची वेळ होती आणि पुढे बांध फुटलेला होता... "ती मना बोलली, चल. मी बोलली, सकाली जाऊ. ती एकलीच गेली." चांगुणाबाईंनी एवढंच सांगितलं. रडल्या नाहीत. दादासाहेबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. "माझी उलटतपासणी संपली," म्हणाले आणि खाली बसले.

आणि तरीही आम्ही हरलो. न्यायाधीश सहृदय होते, निकालपत्रात त्यांनी हळहळही व्यक्त केली होती. पण तडजोडीतली अट नगरपालिकेनं कोर्टापुढेही मांडली होती; आरोग्याच्या दृष्टीनं ती घालण्यात काही गैर नाही आणि अट मान्य केली तर परवानगी मिळतेच आहे, तेव्हा दाव्याला कारण उरत नाही, असं त्यांचं मत पडलं. बायकांना निकाल कळला तेव्हा त्या चांगुणाबाईंवरच उखडल्या. मिळत होतं ते घालवलंस, म्हणाल्या. काही दिवस त्यांच्या शेजारी बाजारात कुणी बसेना.

त्याच सुमारास एका संध्याकाळी त्या एकट्याच ओसरीवर आल्या. पाणीही मागितलं नाही. पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "वकीलसायब, मी हट्टी हाय का?"

"आहात," मी म्हणालो.

त्या हसल्या. मग लगेच चेहरा उतरला. "या पावसात पन त्या ओट्यावरच झोपतील. माझ्यापायी. त्यातली एखादी गेली तर?" मी म्हणालो, की अजूनही अंगठा उठवता येईल, मी दादासाहेबांशी बोलतो. त्या उठल्या, पदर खोचला. "वरचा कोर्ट हाय ना?" "आहे." "मंग तिथं चला."

तो पावसाळा त्यांनी कसा काढला हे मी पाहिलं आहे. बाजाराच्या दिवशी मुक्कामाला राहिलेल्या बायकांसोबत त्या स्वतः ओट्यावर झोपत. हिराजी घरची जुनी बैलगाडी जुंपून येत आणि ज्यांना गावी परतायचं त्यांना सडकेनं, लांबच्या वाटेनं, घरोघर सोडून येत. बांधावरून म्हणून कुणाला त्यांनी जाऊ दिलं नाही. रुसलेल्या बायका हळूहळू पुन्हा त्यांच्या शेजारी बसू लागल्या. समजूत कुणी कुणाची घातली नाही. नुसत्या पाट्या सरकल्या.

जिल्ह्याच्या कोर्टात अपिलाची सुनावणी झाली त्या दिवशी चांगुणाबाई माझ्याबरोबर आल्या होत्या. एस्टीत त्यांना ओकाऱ्या झाल्या. कोर्टाच्या आवारात त्यांनी नळावर तोंड धुतलं, लुगडं सारखं केलं आणि मागच्या बाकावर ताठ बसून राहिल्या. माझं बोलणं जेमतेम झालं असेल. नंतर न्यायाधीशांनी दादासाहेबांना एकच प्रश्न केला. "या बाईंनी घर बांधलं, आणि त्यांच्याकडे पाहुण्या आल्या. त्या पाहुण्यांना घराबाहेर काढण्याचा अधिकार नगरपालिकेला कोणत्या कलमान्वये आहे?"

दादासाहेबांसारखा वकील. मनात आणलं असतं तर तासभर बोलत राहिले असते. कुठलातरी जुना निवाडा काढला असता, आरोग्याच्या कलमाकडे बोट दाखवलं असतं. त्यांनी पुस्तक मिटलं. "तसं कलम नाही, साहेब," म्हणाले. आपल्या पक्षकाराचं नुकसान होत असतानाही कोर्टाला खोटी वाट दाखवायची नाही, हा धडा मी त्या दिवशी त्यांच्याकडून घेतला. बांधकामाच्या परवानगीत बांधकामापुरतंच बोलावं, असं सांगणारा निकाल झाला. नकार रद्द, अटही रद्द. उद्या कुणी भाडं घेऊन माणसं ठेवली तर त्यासाठी निराळा परवाना आहे, तो त्या वेळी पाहता येईल, असंही न्यायाधीशांनी लिहिलं.

बाहेर आल्यावर चांगुणाबाईंनी विचारलं, "जिकलो?"

"जिंकलो."

"मंग पावसाच्या आत जोता होईल?"

जोतं झालं. खोल्याही झाल्या. कुडाच्या भिंती, वर कौलं, आत मातीची जमीन. ती जमीन चोपायला बाजार उठल्यावर सगळ्या बायका बसल्या होत्या. हातांत चोपणी आणि तोंडानं लग्नात म्हणतात ती धवलेगीतं. रस्त्यावरून जाणारी माणसं थबकून पाहत होती. दादासाहेब काठी टेकत आले, बाहेरूनच पाहून गेले. शेटजींनी मात्र मध्ये उंच भिंत घातली. पुढे बायका त्या भिंतीवर आपली लुगडी वाळत घालू लागल्या.

त्या भिंतीवरून मी एकदा शेटजींची थट्टा केली तर चांगुणाबाईंनी मला अडवलं. "वास येतो ह्यो त्यांचा बोलना खरा हाय." सुकटीच्या पाट्या खोलीत आणायच्या नाहीत, मागच्या बाजूला, शेटजींच्या दुकानापासून लांब टांगायच्या, असा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी घातला होता. कोर्टानं सांगितलेलं नव्हतं, कुणी मागितलंही नव्हतं. इतके दिवस ज्यांनी अडवलं त्यांच्या तक्रारीतला खरा भाग तेवढा उचलून बाजूला ठेवायचा, हे जिंकलेल्या माणसाला फार कठीण जातं. माझ्या पाहण्यात तरी असं दुसरं माणूस नाही.

पुढे दिवस बदलले. पनवेलला रेल्वे आली, गावोगाव बसगाड्या जाऊ लागल्या. मुक्कामाला राहणाऱ्या बायका कमी झाल्या. कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. बाजाराच्या दिवशी चांगुणाबाईही त्यांच्यासोबत खोल्यांतच झोपत. यंदाच्या होळीच्या अलीकडे चांगुणाबाई माझ्याकडे आल्या, त्या शेवटच्या. खूप वाळल्या होत्या. जागेचं असं काही करून ठेवा म्हणाल्या, की माझ्या पाठीमागे पोरांना ती विकता येऊ नये. मी कागद तयार करायला घेतला आणि विचारलं, या खोल्या कुणासाठी, कोणत्या गावच्या बायकांसाठी, तेही लिहावं लागेल. त्यांनी मान हलवली. "गाव नका लिवू. आलेल्या बाईला गाव इचारायचा नाय, असा लिवा." कायद्याच्या भाषेत ते बसवायला मला बराच त्रास पडला. नेहमीसारखं पूर्ण वाचून घेऊन त्यांनी अंगठा उठवला. निघताना माझ्या बायकोला म्हणाल्या, "येतंय गो." आम्ही कुणीच काही ओळखलं नाही...

बारावं झाल्यावर मी हिराजींना भेटून आलो. ते अंगणात बसून होते. त्यांनी माझा हात तेवढा बराच वेळ धरून ठेवला. परतताना दिवेलागणीला मी बाजारामागच्या वाटेनं वळलो आणि त्या दोन खोल्यांसमोर उभा राहिलो. आत कंदील लागला होता. बायका जेवणाची फडकी सोडत होत्या, कुणीतरी हसत होतं. इतक्यात मागून एक बाई घाईनं आली. दमलेली, पाय धुळीनं भरलेले. लांबच्या गावची असावी, तिला बातमी कळलेली नव्हती. पायरीशी पाटी उतरवत तिनं सवयीनं हाक दिली, "चांगुणाबाय, जागा हाय का?"

आतलं हसणं थांबलं. मग कंदिलाजवळची एक म्हातारी थोडी सरकली आणि म्हणाली, "हाय गो. ये."